नावपट्टी गेलेल्या जुन्या कुट्टी मशीनचे पार्ट कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मशीन वडिलांनी घेतलेलं, तीसेक वर्षांपूर्वीचं. दोन पात्यांचं मोठं चाक, बिडाची बॉडी, दोन एचपीची सिंगल फेज मोटर. नावपट्टी कधीच गळून पडली आणि जिथून घेतलं ते दुकानही बंद झालं. आता रोलरच्या गिअरचे तीन दात गेलेत, चाकाच्या शाफ्टचं बेअरिंग घरघरतंय, पाती झिजून निम्मी झालीत. तालुक्याच्या दोन दुकानांत विचारलंत, दोघांनीही ‘याचे पार्ट येत नाहीत, नवं घ्या’ म्हणून वाटेला लावलं. गोठ्यात सहा जनावरं, शेतात कडब्याची गंज, आणि घरात कोयत्याने वैरण तोडणं चालू.

मी सांगली जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय. कुट्टी, हडंबा, उसाची गुऱ्हाळं, जे येईल ते. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचं मशीन भंगारात घालायची वेळ अजून आलेली नाही. मात्र चाकाची एक तपासणी आधी करावी लागेल. ती खाली सांगतोच.

दुकानदार तुम्हाला फसवत नाहीत. त्यांच्या फळीवर माल कंपनीच्या नावाने लावलेला असतो. तुम्ही नाव सांगू शकला नाहीत, म्हणून त्यांच्यापुरता विषय संपला. पण या मशीनमधले बहुतेक भाग कंपनीचे नसतातच. बेअरिंग बेअरिंगच्या कारखान्यातून आलेलं असतं, बेल्ट बेल्टच्या, नटबोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून, मोटर भलत्याच गावची. कंपनीने स्वतः केलेलं म्हणाल तर बिडाचं ओतकाम: बॉडी, चाक, रोलर, गिअर. म्हणून ‘अमक्या मशीनचा पार्ट द्या’ असं विचारणं सोडा. प्रत्येक भागाला स्वतःचं माप असतं, बऱ्याच भागांना नंबरही असतो. दुकानात तेच सांगायचं. मशीनचं नाव काढायचंच नाही.

खोलायच्या आधी एक काम. मोटरची वायर नुसती बोर्डातून काढून भागणार नाही, मेन स्विचचा फ्यूज काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा. चाकाच्या आऱ्यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा. वीज बंद असली तरी हे चाक आपल्या वजनाने अर्धा फेरा फिरतं आणि बोट तोडायला तेवढं पुरतं. पाती बदलताना बोटं गेलेली तीन माणसं मी स्वतः पाहिली आहेत, आणि तिघांच्याही वेळी मशीन ‘बंद’ होतं.

आता बेअरिंग, कारण तिथलं काम सगळ्यात सोपं आहे. बेअरिंग काढून रॉकेलने धुवा आणि बाहेरच्या रिंगच्या कडेवर नंबर शोधा. नंबर पुसला असेल तर व्हर्निअरने तीन मापं घ्या: आतलं भोक, बाहेरचा व्यास, रुंदी. ३०, ६२ आणि १६ मिलिमीटर आलं तर ते ६२०६. २५, ५२ आणि १५ आलं तर ६२०५. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं. ०४ पासून पुढे हा हिशोब चुकत नाही. नंबर एकदा हातात आला की जगातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात ते मिळतं. कुट्टीला रबरी सीलचंच घ्या, म्हणजे नंबरापुढे ‘२आरएस’ असलेलं. नुसत्या पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये कडब्याचा भुसा शिरतो आणि ग्रीसची खळ होते.

इथे एक अडचण हमखास येते. जुन्या मशीनचे शाफ्ट पुष्कळदा इंचातले असतात. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, पण साचे आणि फरमे (ज्याच्यावरून साचा घेतात तो नमुना) जुनेच राहिले. त्यांच्यावरून ओतलेला माल पुढे कित्येक वर्षं इंचातच निघाला. शाफ्ट एक इंचाचा असेल तर तो २५.४ मिलिमीटर भरतो. त्यावर २५ चं बेअरिंग ठोकून बसवायचा प्रयत्न करू नका, आतली रिंग तडकते. तुमच्या मशीनला पायावर बोल्टने बसवलेला ब्लॉक असेल, ज्याला आपल्याकडे पेडस्टल म्हणतात, तर ‘यूसीपी २०५-१६’ मागा. शेवटचे १६ म्हणजे सोळा भाग सोळा, पूर्ण एक इंच. सव्वा इंचाच्या शाफ्टला ‘यूसीपी २०६-२०’. दुकानदार ‘नुसतं २०५ चालेल की’ म्हणेल, पण २५ मिलिमीटरचा ब्लॉक इंची शाफ्टवर चढणार नाही. ते शेपटीचे दोन आकडे कागदावर लिहूनच न्या.

स्वस्तातल्या बेअरिंगच्या मागे लागू नका. माझ्याकडे एकाने नामांकित छापाच्या खोक्यातलं, निम्म्या किमतीत मिळालेलं बेअरिंग आणून दिलं. मी बसवलं. तीन आठवड्यांत ते मोकळं झालं आणि शाफ्टवर खोबण पाडून गेलं. बेअरिंगमध्ये वाचले त्याच्या कितीतरी पट पैसे शाफ्ट भरून लेथवर काढण्यात गेले. अस्सल मालावरचा नंबर बारीक आणि एकसारखा कोरलेला असतो. बोटाने पुसट होणारी छपाई दिसली तर माल परत करा.

नटबोल्टचंही तेच. आपल्याकडे अजून सुताने मोजतात आणि ते या मशीनला बरोबर लागू पडतं. इंचाचे आठ सूत, म्हणजे चार सुती बोल्ट अर्ध्या इंचाचा. जुन्या अर्धा इंची बोल्टला बहुधा इंचात १२ आटे असतात, दुसऱ्या एका प्रकारात १३. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा लावला तर दोन-तीन वेढे सहज जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं गंजलाय, म्हणून तो पाना लावून जोर करतो आणि बिडातले आटे खरवडून निघतात. बोल्टचा आटा गेला तर बोल्ट बदलता येतो, बॉडीतला गेला तर मोठं भोक पाडून बुश (आत बसवायची धातूची नळी) घालत बसावं लागतं. नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ही माझी अट असते. पात्यांना साधे बोल्ट वापरू नका, डोक्यावर ८.८ लिहिलेले हायटेन्सिलच घ्या. उलट, रोलरच्या बाजूला कुठे मुद्दाम मऊ पिन दिलेली असेल, तर तिच्या जागी चुकूनही हायटेन्सिल घालू नका. दगड आला तर ती पिन तुटावी आणि गिअर वाचावा, यासाठीच ती असते. तुमच्या मशीनला अशी पिन पूर्वी होती आणि कुणी तरी जाड खिळा ठोकून ठेवलाय, असं निघालं तर दात का गेले ते तिथेच कळेल.

बेल्टसाठी फार लिहीत नाही. पाठीवर ‘बी ५२’ असं काही दिसलं तर बी म्हणजे जाडीचा प्रकार, वरची रुंदी १७ मिलिमीटर, आणि ५२ म्हणजे आतला घेर इंचांत. अक्षरं गेली असतील तर जुना बेल्ट कापून सरळ करा आणि आतल्या बाजूने टेप लावा. दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदमच, एकाच कंपनीचे घ्या. एक नवा आणि एक जुना लावला की सगळा भार नव्यावर येतो.

आता गिअर. तुमचं खरं दुखणं हे आहे, म्हणून जरा निवांत सांगतो.

तुमच्या वर्णनावरून मशीनच्या एका बाजूला चाकाच्या शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर, खालच्या रोलरला फिरवतो, आणि दुसऱ्या बाजूला खालचा आणि वरचा रोलर एकमेकांना दोन सारख्या गिअरनी जोडलेत. दात गेलेत ते या जोडीतल्या वरच्याचे. हे गिअर नीट बघा. दात नेहमीच्या गिअरपेक्षा लांब आणि बारीक असतात. जाड पेंढी आली की स्प्रिंग दाबून वरचा रोलर उचलला जातो, तेव्हाही दात एकमेकांत राहायला हवेत, म्हणून ते तसे केलेले असतात.

हे मला शिकायला एक गिऱ्हाईक गमवावं लागलं. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एकाने असाच तुटका गिअर आणला. मी दात मोजले, व्यास मोजला, मापाचं गणित केलं आणि मिलिंगवर अगदी स्वच्छ गिअर कापून घेतला. रिकामं मशीन सुरेख फिरलं. उसाच्या वाढ्याची पहिली मोळी घातली, वरचा रोलर अर्धा इंच उचलला गेला आणि दात सुटले. कडकड आवाज होऊन दोन्ही गिअरची टोकं गेली. गिऱ्हाइकाचे पैसे परत केले, जनावरांचे हाल झाले ते वेगळेच. साध्या गिअरला दातांच्या संख्येत दोन मिळवून बाहेरचा व्यास त्याने भागला की मॉड्युल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, निघतं. ते सूत्र गिअरबॉक्समधल्या गिअरला बरोबर आहे. तिथेही उत्तर ३ न येता ३.१७५ च्या आसपास आलं तर तो ३ मॉड्युल धरू नका, तो इंचातला ८ डीपीचा (डीपी म्हणजे दाताचं इंची माप) गिअर असतो. पण रोलर जोडणाऱ्या लांब दातांना हे सूत्रच लागू नाही. लेथवाल्याने ‘कापून देतो’ म्हटलं तरी तिथे थांबा.

हा गिअर ओतूनच घ्यायचा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीकडे अशी कामं होतात, इचलकरंजीतही फौंड्र्या आहेत. मोठी फौंड्री एका नगासाठी भट्टी लावत नाही. पण लहान फौंड्रीवाल्याला त्याच्या ओतण्याच्या दिवशी जाऊन गाठलं, तर त्याच्या मालाबरोबर तो तुमचा नग साच्यात घालतो. दोन-चार नग एकदम ओतून घ्या. शेजारीपाजारी असलं मशीन कुणाकडे ना कुणाकडे असतंच.

फरमा म्हणून तुटका गिअर देऊ नका, खालचा चांगला द्या. दोन्ही सारखे आहेत ना, ते दात मोजून आणि एकमेकांवर ठेवून खात्री करा. आणि आता महत्त्वाचं: ओतीव लोखंड थंड होताना आकसतं. जुन्या फरमेकारांचा हिशोब फुटामागे एक सूत. पाच इंचाचा गिअर तसाच साच्यात दाबला तर नवा सव्वा मिलिमीटरने लहान येतो, आणि जुना झिजलेला असतो ती तूट वेगळी. म्हणून फरम्याचे दात आधी भरून घ्यावे लागतात. मी दोन भागांची ती पुटी वापरतो, जी नळाच्या गळतीला लावतात. कमी झिजलेला दात बघायचा, त्याच्या आकाराचा पुठ्ठा कापायचा, आणि प्रत्येक दात त्या पुठ्ठ्याला लावून भरत जायचं. टोकाला आणि अंगाला केसभर जास्तच. वाळल्यावर कानशीने साफ करायचं. वीस दातांना माझी एक सकाळ जाते. मधलं भोक बंद करून द्या. ओतल्यावर ते लेथवर बरोबर मध्य धरून काढायचं आणि चावीचा गाळा, म्हणजे गिअर शाफ्टला अडकवणारी चावी बसते ती खाच, स्लॉटिंग मशीनवर पाडायचा. साध्या बिडाऐवजी एसजी आयर्नमध्ये, म्हणजे चिवट जातीच्या बिडात, ओतून मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. ते एकदम कडकन तुटत नाही.

तीन दातच गेलेत तर वेल्डिंगने भरता येतील का, हा पुढचा प्रश्न असणार. येतात. पितळी ब्रेझिंगने दात भरून कानशीने घडवणारे कारागीर अजून आहेत. गिअर आधी सगळीकडून सारखा तापवावा लागतो, आणि काम झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यावा लागतो. घाईने पाण्यात घातला की दुसऱ्याच दाताच्या मुळाशी तडा जातो. लागोपाठचे तीन दात असतील तर हा उपाय हंगाम काढून देईल, तेवढंच. नवा गिअर येईपर्यंत जनावरांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून करा, पण कायमचा म्हणून नको.

आणि गिअर करायच्या आधी दात का गेले ते शोधा, नाहीतर नवाही जाईल. खालच्या रोलरचं टोक हाताने वर-खाली हलवून बघा. बुश झिजला असेल तर रोलर खाली बसतो, दोन गिअर दूर होतात आणि फक्त टोकांवर भार घेतात. माझ्याकडे आलेल्या दात तुटलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हेच निघालं आहे. बुश लेथवर गनमेटलचा करून घेणं हे अर्ध्या दिवसाचं काम. दुसरी गोष्ट, वरच्या रोलरच्या स्प्रिंगा. कुणी तरी त्या पार आवळून ठेवलेल्या असतात, ‘चारा घट्ट ओढला पाहिजे’ म्हणून. मग रोलर उचलला जात नाही आणि सगळा ताण दातांवर येतो.

वर्मच्या बाजूचा गिअर बदलायची वेळ आलीच तर दातांची संख्या जुन्याइतकीच ठेवा. रोलर तीन इंचाचा असेल तर त्याचा घेर साधारण ९.४ इंच. वर्म गिअरला २० दात असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात चारा अर्ध्या इंचाला थोडा कमी पुढे सरकतो. दोन पाती असल्याने तुकडा जवळजवळ दोन सुताचा पडतो. दात कमी झाले की तुकडा लांबतो. म्हशी सुक्या कडब्याचे लांब तुकडे गव्हाणीत बाजूला सारतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पात्यांकडे येतो. जुनं पातं पुठ्ठ्यावर ठेवून बाहेरची रेघ मारा, भोकं छापून घ्या, आणि भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहा. जाडी लिहा. धारेचा उतार कुठल्या अंगाला आहे तेही लिहा. हे एवढं घेऊन गेलात तर बाजारात तयार मिळणाऱ्या पात्यांत जुळणारं पातं बऱ्याचदा सापडतं, कारण भोकांची अंतरं पुष्कळ कारखान्यांनी एकमेकांची उचललेली आहेत. नाहीच सापडलं तर चांगला लोहार ट्रकच्या कमान पाट्यातून करून देतो. ते पोलाद या कामाला उत्तम आहे. फक्त त्याला सांगा की पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवायचं, ते तेलात, आणि कडक केल्यावर पुन्हा थोडं तापवून उतरवायचं. नुसतं कडक ठेवलेलं पातं काचेसारखं फुटतं.

जोडीचं वजन सारखं हवं. गेल्या उन्हाळ्यात एक मशीन आलं, नवी पाती घातल्यापासून जमिनीवरून सरकत होतं. मालकाने पायाचे बोल्ट दोनदा सिमेंटमध्ये पक्के केले, दोन्ही वेळा उखडले. मी पाती काढली आणि समोरच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. एक १ किलो ३१० ग्रॅम, दुसरं १ किलो २५५. पंचावन्न ग्रॅमचा फरक, म्हणजे मूठभर शेंगदाणे. पण मध्यापासून फूटभर अंतरावर, मिनिटाला चारशे फेऱ्यांना, तोच फरक तीन किलोच्या ओढीएवढा होतो आणि प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलतो. जड पात्याच्या पाठीकडून, धारेकडून नव्हे, थोडं थोडं घासत दोन्ही काटे जुळवले. मशीन जागेवर शांत उभं राहिलं. तेव्हापासून पाती काट्यावर ठेवल्याशिवाय मी चढवत नाही.

बसवताना पातं आणि खालची पट्टी (जिच्यावर चारा टेकून कापला जातो ती) यांच्यात जाड कागदाएवढी फट ठेवा. मी जुनं पोस्टकार्ड वापरतो. चाक हाताने फिरवून दोन्ही पाती, आतल्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत, त्याच कार्डाला सारखी घासली पाहिजेत. खालच्या पट्टीची कड गोल झाली असेल तर नवी पातीही कडबा चावत बसतील, म्हणून पट्टी उलटी करता येते का बघा. धार लावताना उताराच्याच बाजूने लावा, सपाट अंगाला ग्राइंडर टेकवू नका. आणि कड निळी पडू देऊ नका. निळा रंग आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं.

आता चाकाची ती तपासणी, जिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. चाक काढून दोरीला टांगा आणि लाकडी हातोडीने कडेवर ठोका. शाबूत बिडाचा आवाज घंटेसारखा लांबतो, तडा असेल तर मडक्यासारखा बद्द येतो. मग मधला तुंबा, आऱ्यांची मुळं आणि पात्यांच्या बोल्टची भोकं रॉकेलने नीट भिजवा, कोरडी पुसा, वर खडू फासा आणि अर्धा तास थांबा. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूवर काळसर रेघ काढतं. केसाएवढी रेघ दिसली तरी ते चाक पुन्हा चढवू नका. वेल्डिंग नको, पट्टी नको, ‘हळू चालवतो’ नको. गिअर तुटला तर काम थांबतं, चाक फुटलं तर गोठ्यात माणूस उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि तडा असलेलं चाक मी दुरुस्तीला घेत नाही. तसंच, मोटरची पुली मोठी टाकून मशीन पळवायचा मोह नको. वेग दुप्पट केला तर चाकावरचा ताण चौपट होतो, आणि जुनी पुष्कळ चाकं मुळात हाताने फिरवायच्या मशीनची आहेत.

चाकच गेलं असेल, तर जुन्या मशीनचं चाक शोधावं लागेल. तिथे भंगारवाल्यांचा उपयोग होतो. गावोगावी बंद पडलेल्या गोठ्यांतली मशीनं त्यांच्याकडे वजनावर जातात आणि तिथून फौंड्रीच्या भट्टीत. ती भट्टीत जायच्या आधी गाठायची. तालुक्याच्या दोन-तीन भंगारवाल्यांना फोटो आणि मापं देऊन ठेवा. फोटो काढताना शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, एक समोरून, एक बाजूने, एक भोकाचा आणि चावीच्या गाळ्याचा. पट्टी नसलेल्या फोटोवरून कुणीही काही सांगू शकत नाही. पुण्यात असाल तर मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत बेअरिंग आणि हार्डवेअरसाठी नागदेवी स्ट्रीट. पण चाकासारखा जड भाग तिथे शोधण्यात दिवस घालवू नका, तो खेड्यातच सापडतो. आणि बॉडीवरचा रंग तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर खडू फिरवा. ओतीव अक्षरं असतील तर वर येतात. गुरुमुखी अक्षरं किंवा बटाल्याचं नाव निघालं तर शोध सोपा होतो. पंजाबात या मशीनला टोका म्हणतात, बटाला हे ओतकामाचं जुनं गाव आहे, आणि तिथे या घाटाच्या मशीनचे सुटे भाग अजून तयार होतात.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेतीसाठी जी पहिली अवजारं केली त्यात नांगराबरोबर कडबा कापायचं यंत्र होतं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली ती आमच्याच जिल्ह्यात. तेव्हापासून या भागात बीड ओतणारे, फरमे करणारे हात आहेत. त्यातले फरमेकार आता थोडे उरलेत. उद्यमनगरात एखादा म्हातारा फरमेकार भेटला तर गिअर त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून बघा. पैसे तो सांगेल ते द्या.

नवं घ्यायचंच झालं तर महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात कुट्टी यंत्रासाठी अर्ज करता येतो. पण ती वाट बघण्याची गोष्ट आहे, आणि पत्र्याच्या हलक्या बॉडीचं नवं मशीन घेण्यापेक्षा शाबूत चाकाचं हे जुनं बिडाचं मशीन उभं करणं मला पटतं. चाकाने खडूची परीक्षा पास केली, तरच.

तर क्रम असा ठेवा. आधी चाक. ते चांगलं निघालं तर खालच्या रोलरचा बुश, मग बेअरिंग, मग गिअर, पाती सगळ्यात शेवटी. जोडून झाल्यावर पाती न लावता मशीन हाताने वीस फेरे फिरवा. कुठे जड लागलं तर तिथेच थांबा. मग पाती, पोस्टकार्ड, वजनाचा काटा. वर्म-गिअरवरचं झाकण बसवल्याशिवाय फ्यूज खिशातून बाहेर काढू नका. दहा मिनिटं रिकामं चालवा, बेअरिंगच्या ब्लॉकवर हाताचा तळवा ठेवा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर ग्रीस जास्त भरलंय किंवा शाफ्ट रेषेत नाही. पहिल्या दिवशी फक्त हिरवा चारा घाला, सुका कडबा दुसऱ्या दिवशी.

खालच्या रोलरचं टोक किती हलतं ते मात्र मला आधी कळवा, मिलिमीटरमध्ये. आणि दोन्ही गिअरचे दात मोजून, स्टीलच्या पट्टीसकट फोटो पाठवा. हलणं दोन मिलिमीटरच्या आत असेल तर कदाचित ब्रेझिंगवर हा हंगाम निघेल आणि ओतकामाला तुम्हाला दिवाळीपर्यंत वेळ मिळेल.